चार इंची चिंबोरी

पेणच्या कमळाकर घरतांना उभ्या नोकरीत "तुमच्या मते केवढं?" असं कुणी विचारलं नव्हतं. ते सरकारी मोजणीखात्यातून निवृत्त झाले होते आणि त्या खात्यात 'मत' हा प्रकार नसतो. जमीन जेवढी असते तेवढी असते. ती तेवढीच का, असं ज्याला वाटतं तो वकील करतो. त्यामुळे मुलीने ओट्याला टेकून पोहे खाता खाता "बाबा, तुमच्या मते एक चौकोन केवढा असावा?" असं विचारलं, तेव्हा कमळाकरांनी तोंडाला लावलेला कप पुन्हा बशीत ठेवला.

"कसला चौकोन? गट नंबर काय?"

"गट नंबर नाही. खेळातला चौकोन."

मुलगी मनस्वी धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती. रोह्याला दर्शना नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला पेणला यायची. पण गेली दोन वर्षं बरेचसे रविवार ती रोह्यालाच अडकायची. कंपनीतल्याच हितेशच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती चार शिकलीसवरलेली माणसं बसून काहीतरी खेळतात, एवढं कमळाकरांना ठाऊक होतं. पत्ते असावेत असं समजून त्यांनी विषय वाढवला नव्हता.

ते पत्ते नव्हते. हितेश एक गोष्ट सांगायचा आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवायचा. लढाईची वेळ आली की टेबलावर चौकोन आखलेला नकाशा पसरायचा, त्यावर सोंगट्या मांडायच्या आणि चौकोन मोजून चालायचं. एक चौकोन म्हणजे पाच फूट.

"पाचच का?" कमळाकरांनी विचारलं.

"लढणाऱ्या माणसाला तेवढी जागा लागते, असं धरतात."

"कोण धरतात? आपल्या बाजारात पाच फुटांत चार माणसं, एक हातगाडी आणि एक गाय असते. लढाईसकट."

"बाबा, ते परदेशी नियम आहेत."

"आणि तिरकं चाललं तर? कर्ण मोठा भरतो."

"तिरकंही पाचच फूट धरतात."

कमळाकरांनी हवेत बोटाने एक त्रिकोण काढला. काटकोन त्रिकोणाचा कर्ण सर्वांत मोठा असतो ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर देवासारखी मानली होती, आणि जगाच्या पाठीवर लाखो माणसं दर रविवारी राजरोस तिच्यावरून चालत जात होती. त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही. मात्र रागाने नव्हे. त्यांना तो प्रदेश बघायचाच होता.

मनस्वीचं काम मात्र घाईचं होतं. दर्शनाची गुजरातला बदली झाली होती. येत्या रविवारनंतर ती निघणार, म्हणजे दोन वर्षं चाललेली गोष्ट त्या दिवशी संपवणं भाग होतं. शेवटची लढाई खाडीच्या बांधावर. एक राक्षसी चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, बांध पोखरते आहे. तिला मारून उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार लावायचं, नाहीतर भरतीचं पाणी आत घुसून मिठागरं, शेतं, गाव, सगळं खारं होणार.

"नकाशा चुकला ना, तर दर्शनाची दोन वर्षं पाण्यात जातील," मनस्वी म्हणाली. "नेहमी हितेश काढतो, पण त्याचा बांध म्हणजे मुरडलेली चकली दिसते. तुम्ही काढाल?"

निवृत्तीनंतर घरात कमळाकरांकडे आलेली कामं म्हणजे गॅसचा नंबर लावणे आणि नारळ सोलणे. त्यांनी विचार करतो म्हटलं आणि मुलगी रोह्याच्या गाडीत बसायच्या आत माळ्यावरून ड्रॉइंगचा बोर्ड उतरवला.

पहिला नकाशा दोन दिवसांत झाला. झाला कसला, नटला. बांध, उघाडी, खाजण, मिठागराचे खण, उत्तरेचा बाण, खाली कंसात सही. शेजारचे भरत कडू एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ते रोज पेपर वाचायला येत आणि पेपर सोडून सगळं वाचत. त्यांनी भिंग लावून नकाशा पाहिला.

"झकास. पण चौकोन कुठं हाईत?"

"हे काय. सगळा कागद चौकोनच आहे."

"मला वाटलं राखाडी रंग दिलास."

कमळाकरांनी फोटो पाठवला. पंधरा मिनिटांत मनस्वीचा उलट फोटो आला: प्रिंट काढून तिने त्यावर एक सोंगटी उभी केली होती. सोंगटीच्या बुडाखाली साठ-सत्तर चौकोन गडप झाले होते.

"बाबा, तुम्ही कोणतं प्रमाण घेतलं?" तिने फोनवर विचारलं.

"एकास पाचशे. गावठाणाचं नेहमीचं प्रमाण."

"आमची सोंगटी एक इंचाची असते. एक इंच बरोबर पाच फूट हवं होतं."

कमळाकरांनी मनात भागाकार केला. "म्हणजे एकास साठ? असं प्रमाण शासनात नाही."

"शासनात चिंबोरीही नाही, बाबा."

हा युक्तिवाद त्यांना रास्त वाटला. दुसऱ्या नकाशासाठी त्यांनी हितेशलाच फोन केला. पोरगा गोड बोलणारा. "काका, बांध असेल शंभर-दीडशे फूट. अंदाजे घ्या."

अंदाजे! नोकरीत असताना हा शब्द उच्चारणाऱ्या शिकाऊ पोरांना कमळाकरांनी भर उन्हात पुन्हा मोजायला लावलं होतं. त्यांनी टेप पिशवीत टाकली, डोक्यावर टोपी घातली आणि गडबच्या पुढे खाडीकडे जाणारा खराखुरा बांध गाठला. उघाडी किती रुंद असते, माथ्यावर दोन माणसं शेजारी उभी राहतात का, चिंबोरी चढायची झाली तर उतार केवढा. त्यांना आता हे सगळं जाणून घ्यायचंच होतं.

टेपचं एक टोक दगडाखाली दाबून ते दहा पावलं गेले नसतील, तोच मागून आवाज आला, "कंचा प्रकल्प?"

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली गावातली बायजाबाई उभी होती. वयाने सत्तरीपुढची, नजरेने पंचविशीची.

"प्रकल्प नाही, मावशी. सहज मोजतोय."

"टेप घेऊन सहज कोनी येतं व्हय? कारिडार हाय का कंपनी?"

"खेळासाठी मोजतोय."

हे खरं होतं, म्हणूनच ते सांगायला नको होतं. बायजाबाईने भारा खाली टाकला आणि शेतातल्या बायकांना हाक दिली, "आगो, इकरं या गो! स्टेडियम येतंय!"

पुढच्या अर्ध्या तासात बांधावर निम्मा गाव जमला. एकाचं म्हणणं, पिच बांधाच्या आत घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, माझ्या भावाने बांध सरकवलाय तो आधी सरळ करा, मग काय ते क्रिकेट खेळा. कमळाकरांनी कळकळीने सांगितलं की या खेळात फक्त चार माणसं असतात आणि एक चिंबोरी. मग बायजाबाई बाकीच्यांना समजावत म्हणाली, "वरून सांगू नको म्हनून आर्डर असंल गो."

टेप गुंडाळून ते निघाले तेव्हा लोकांनी त्यांना आग्रहाने शहाळं पाजलं. उपकार म्हणून नव्हे. मोजणीवाल्याला रिकाम्या पोटी सोडलं की तो जमीन कमी भरवतो, अशी तिकडची समजूत आहे.

दुसरा नकाशा मात्र खरा उतरला. तीस इंच लांब, वीस इंच रुंद, इंचाइंचाचे चौकोन. भरत कडूंनी भिंग न लावता पाहिला आणि म्हणाले, "चौकोन कशाला? गोल कर. वळायला बरं पडतं." कमळाकरांनी त्यांना चहा दिला नाही.

राहिली चिंबोरी. हितेश आजवर राक्षसाच्या जागी मिठाची बरणी ठेवायचा. शेवटच्या लढाईला मिठाची बरणी हे कमळाकरांना दर्शनाच्या दृष्टीने बरं वाटेना, आणि पेणमध्ये राहून मातीच्या मूर्तीसाठी कुणी अडून बसणं म्हणजे गावाची बेअब्रू. ते गोरखच्या कारखान्यात गेले. गोरखच्या तीन पिढ्या गणपती करत आल्या होत्या. तो एका रांगेत बसवलेल्या चाळीस गणपतींची पोटं घासत होता.

"चिंबोरी पाहिजे," कमळाकर म्हणाले.

"कोळीवाड्यात जा."

"शाडूची. रंगवलेली."

गोरखने पॉलिश पेपर खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्याला उंदराखेरीज दुसरा प्राणी कुणी सांगितला नव्हता. "साईज बोला."

कमळाकरांनी हिशेब करूनच आणला होता. चिंबोरी वीस फुटांची, म्हणजे चार चौकोन, म्हणजे चार इंच. "चार इंची."

"रविवारी सकाळी न्या."

रविवारी सकाळी ते गेले तेव्हा गोरखने फडका बाजूला केला आणि कमळाकर एक पाऊल मागे सरले. एका नांगीच्या टोकापासून दुसऱ्या नांगीच्या टोकापर्यंत ती चिंबोरी सोळा इंच पसरली होती. पाठ निळसर हिरवी, नांग्या शेंदरी. डोळे तर गोरखने स्वतः रेखले होते: लांब पापण्या आणि अपार करुणा. हात सवयीचा. कोणत्याही क्षणी ती नांगी वर करून आशीर्वाद देईल असं वाटत होतं.

"गोरख, मी चार इंची सांगितली होती."

"मग? चार इंचीच हाय." त्याने लाकडी पट्टी चिंबोरीच्या शेजारी उभी धरली. जमिनीपासून पाठीच्या टोकापर्यंत बरोबर चार इंच.

"अरे, ही उंची झाली!"

"साईज म्हंजे उंचीच की. पेणमध्ये रुंदी कोन सांगतं? दोन फुटी गणपती न्यायला येता तवा कानापासून कानापर्यंत मोजता काय?"

कमळाकरांनी पट्टी आडवी धरून पाहिली. त्यांनी डोंगर मोजले ते कागदावर सपाट करून. विहीर म्हणजे त्यांच्या लेखी एक वर्तुळ. जगाला उंची असते हे त्यांना ठाऊक होतं, पण ते दुसऱ्या खात्याचं काम आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आणि पेणच्या मूर्तिकाराला लांबी-रुंदी सांगणारं गिऱ्हाईक भेटलेलं नव्हतं. दोघेही बरोबर होते आणि मधे सोळा इंचांची चिंबोरी बसली होती.

दुसरी करायला वेळ नव्हता. माती वाळायलाच दिवस जातात. दर्शनाचं सामान बांधून झालं होतं. कमळाकरांनी चिंबोरी घरी आणून बायकोला, नंदाला, दाखवली.

"गोड आहे हो," नंदा म्हणाली आणि पटकन आतून धुतलेला रुमाल आणून तिने चिंबोरीच्या तोंडावर टाकला. पेणमधून मातीचं काही बाहेर निघालं की ते तोंड झाकूनच निघतं. यात विचार करायचा नसतो.

रोह्याच्या एसटीत कमळाकर रुमाल टाकलेलं ते ओझं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विनाकारण चप्पल काढून पुढचं तिकीट फाडलं. वडखळला चढलेल्या एका माणसाने खिडकीची जागा दिली. कुठल्या महिन्यातला गणपती, असं कुणीच विचारलं नाही. नवसाचे अनेक प्रकार असतात. कमळाकर काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याने भाविकता आणखी वाढली.

गडबला बायजाबाई चढली.

"ह्यो बग गो मोजनीवाला!" ती सुनेला म्हणाली, आणि मांडीवरचं पाहून तिचा आवाज खाली आला. "स्टेडियमला मूर्ती चालवलीव? भूमिपूजन कवा?"

कमळाकर उत्तर जुळवत होते, तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली. रुमाल उडाला. बायजाबाईने जोडलेले हात तसेच राहिले.

"आगो बाय... चिंबोरी!"

गाडीत हलकल्लोळ होईल, लोक खाली उतरवतील, असं वाटून कमळाकरांनी डोळे मिटले. पण रायगड जिल्ह्यात चिंबोरी बघून कुणी रागावत नाही. कंडक्टरने चप्पल घातली, एवढंच. बायजाबाईने वाकून चिंबोरीच्या पोटाखाली बोट फिरवलं.

"भरलेली नाय वाटत. आमावसेला करायची होतीव."

तिथून नागोठण्यापर्यंत मसाला भाजून की कच्चा यावर गाडीत दोन तट पडले. नागोठण्यानंतर नांग्या आधी फोडायच्या की नंतर, यावर आणखी दोन.

हितेशच्या घरी टेबलावर नकाशा अंथरला तेव्हा सगळे त्यावर ओणवे झाले. दर्शनाने उघाडीवरून एक बोट अलगद फिरवलं, आणि कमळाकरांना आजवर लावलेले गॅसचे सगळे नंबर सार्थकी लागल्यासारखं वाटलं. मग त्यांनी चिंबोरी ठेवली. बांध दिसेनासा झाला, मिठागरं दिसेनाशी झाली. कोपऱ्यात फक्त उत्तरेचा बाण उरला.

"काका, ही ऐंशी फुटांची झाली," हितेश हळूच म्हणाला.

"रुंदीला. उंचीला वीसच आहे."

निकेश नावाचा तिसरा खेळाडू बॉयलरवरचा, सरळ माणूस. तो म्हणाला, "मिठाची बरणी आणू का?"

कमळाकरांचे कान तापले. मनस्वी खाली बघत होती. नकाशा आणि चिंबोरी एका जगात बसत नव्हते, आणि दोन्ही त्यांनीच आणलेले.

"कुणी बरणीला हात लावायचा नाही," दर्शना म्हणाली. "दोन वर्षं खेळून शेवटी मी काय नखाएवढ्या खेकड्याला मारून गुजरातला जाऊ? ही राहू दे. आम्ही खालून जाऊ."

"पोटाखालून?" हितेशने नियमांचं पुस्तक काढलं. "पोटाखालचे चौकोन रिकामे धरायचे की भरलेले, ते कुठे लिहिलेलं नाही."

"पट्टी द्या," कमळाकर म्हणाले. ते फरशीवर गुडघे टेकून बसले, गाल टेबलाला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूची उभी मोजणी केली. "पोटाखाली पाऊण इंच. म्हणजे पावणेचार फूट. माणूस वाकून जाईल. पण पायापाशी नाही. पाय जिथे टेकलेत ते आठ चौकोन भरलेले."

हितेशने पुस्तक मिटलं. "काका, मला पाणी, वारा, गावकरी सगळं सांभाळायचंय. चिंबोरी तुम्ही चालवा."

कमळाकर अंगातला शर्ट नीट करून खुर्चीवर बसले. पुढचे दोन तास त्या मवाळ गृहस्थाने जे केलं ते नंदाला पटलं नसतं. त्यांनी निकेशला मिठागरात लोळवलं. पोटच्या मुलीला नांगीत धरून खाडीत फेकलं आणि फासा पडल्यावर "पोहता येतं ना?" असं वर विचारलं. शेवटी एकटी दर्शना पोटाखालून वाकत वाकत उघाडीपाशी पोचली. तिच्या पुढच्या डावाला दार लागणार होतं.

त्याच वेळी हितेशच्या आईने चहाचा ट्रे टेबलावर टेकवला. टेबल हललं, दर्शनाची सोंगटी घसरून दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर आली. आतला चौकोन नांगीच्या टप्प्यात, बाहेरचा टप्प्याबाहेर. ती आधी कुठे होती, कुणाला आठवेना. डाव चिंबोरीचा.

"बाहेरच होती," मनस्वी म्हणाली.

"बाहेर धरा की, काका," निकेश म्हणाला. "थोडं इकडे-तिकडे."

थोडं इकडे-तिकडे. हे शब्द कमळाकरांना बांधांवर, परसांत, पंगतीत, एकदा तर स्मशानातही ऐकवले गेले होते. समोर निरोप घ्यायला बसलेली पोर होती. मुलीने टेबलाखालून पायावर पाय दाबला. त्यांनी पट्टी लावली, डोळा बारीक केला.

"अर्ध्याहून जास्त बूड आत आहे," ते म्हणाले. "टप्प्यात."

फासा पडला. एकोणीस. दर्शना गेली, दार उघडंच राहिलं, भरती आत शिरली. चहावर साय धरली. कमळाकरांना वाटलं, पट्टी खिशात घालून उठावं आणि मिळेल ती गाडी पकडावी.

"मला ही मोजणी मान्य नाही," दर्शना म्हणाली. डोळे भरलेले, पण हनुवटी वर.

कमळाकरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू कामावर असतानाचा रंग चढला.

"मग हरकत घे. तुझा हक्क आहे. हरकत घेतली की वरिष्ठांकडून पुन्हा मोजणी होते. पहिल्या माणसाने पट्टीला हात लावायचा नाही."

"आणि तोवर मी मेलेली की जिवंत?"

"प्रकरण प्रलंबित. तोवर जागेवरचं काहीही हलवायचं नाही. पाणीसुद्धा."

हितेशने नियमांच्या पुस्तकाकडे हात नेला आणि परत घेतला. "पण काका, तुमच्यापेक्षा वरिष्ठ कोण?"

"नेमावा लागेल. त्याला वेळ लागतो. दर्शना, तुला सुट्टी केव्हा?"

"दिवाळीला."

कमळाकरांनी छताकडे बघून खात्याचा सगळा अनुभव डोळ्यांसमोर आणला. "दिवाळीच्या आत होणं शक्यच नाही," ते ठामपणे म्हणाले.

दर्शनाने नाक पुसलं आणि हसू दाबत हरकत नोंदवली. आतून हितेशची आई पोळ्यांचा डबा घेऊन आली आणि टेबलाकडे, त्यावर फतकल मारून बसलेल्या चिंबोरीकडे बघत उभी राहिली.

"म्हणजे दिवाळीपर्यंत आम्ही जेवायचं कुठं?"

दर्शना उठली, तिने कोपऱ्यातली चटई ओढली आणि फरशीवर पानं मांडायला घेतली.